पायपेटीला कानस

माझ्या हातून आजवर बिघडलेल्या वस्तूंची यादी बायकोने कुठेही लिहून ठेवलेली नाही. तिला ती पाठ आहे. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांची डोअरबेल, सासऱ्यांचं मनगटी घड्याळ. घड्याळापाशी ती जरा थांबते. त्यानंतर आताशा आणखी एक वस्तू येते, तिचं नाव ती घेत नाही. नुसती माझ्याकडे बघते आणि पोळी उलटते.

ती वस्तू म्हणजे बेंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाची पायपेटी.

याची सुरुवात, खरं वाटणार नाही, पण एका युरोपियन सिंफनीपासून झाली. मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कामातल्या चुका काढणे हा माझा धंदा, आणि आवाज ध्वनिमुद्रित करणे हा छंद. दोन बरे मायक्रोफोन आहेत, त्यांची काळजी मी स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा जास्त घेतो. त्या दिवशी बोम्मसंद्र्याहून घरी येताना कंपनीची बस होसूर रोडवर तासभर ठप्प होती आणि कानात एक जुनी सिंफनी चालू होती. ती जिथे पहिल्यांदा वाजली त्याच महालातल्या दालनात, त्याच काळची वाद्यं घेऊन ती मुद्रित केलेली. आतड्याच्या तारांची व्हायोलिनं, कळा नसलेली पितळी शिंगं. आवाज गोड म्हणावा असा नव्हता. खरखर होती, शिंगं मधूनच घसरत होती. पण ऐकताना वाटलं, त्या दालनाच्या भिंतींनाही सगळं पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळ्यांना ऐकवलं. आमच्या टीममधला नागपूरचा एकजण डबा बंद करत म्हणाला, "म्हणजे सर, ओरिजिनल हार्डवेअरवर, ओरिजिनल एन्व्हायर्नमेंटमध्ये टेस्टिंग. इतकंच ना?"

इतकंच. पण तो किडा मला चावला.

आमच्या मंडळाचा हॉल जुना होता. कौलारू छत, लाकडी रंगमंच, मागच्या दाराला एक मोठी काच. सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांनी तो उभा केला आणि दिवसभर यंत्रांपाशी उभं राहून संध्याकाळी तिथे संगीत नाटकं केली. त्या नाटकांची पायपेटी, म्हणजे पायाने भाता हलवून दोन्ही हातांनी वाजवायचा ऑर्गन, रंगमंचाखाली चादर पांघरून पडली होती. आणि हॉल पडणार होता. त्या जागी चार मजली इमारत होणार, हे सभेत रीतसर ठरलं होतं. पडण्याआधी त्याच हॉलमध्ये, त्याच पेटीवर त्या नाटकांची नांदी मुद्रित करायची, म्हणून मी कार्यवाहांना गाठलं. त्यांनी वही बघितली.

"शेवटचा रविवार देतो. सकाळी सहा ते नऊ. सोमवारी किल्ली बिल्डरकडे जाते. मग ब्रह्मदेव आला तरी मिळणार नाही."

हातात पाच आठवडे होते.

आता वाजवणारं कोण? तर अक्का. वय ब्याऐंशी, येलहंक्याला मुलाकडे राहायच्या. त्यांची तिसरी पिढी बेंगळुरातली, त्यामुळे मराठीत मधूनमधून कन्नड अशी काही सहज यायची, की मला पुण्याहून येऊन वीस वर्षं झाली तरी आपण कालच उतरलो असं वाटावं. त्या सगळ्या नाटकांना अक्का पायपेटीवर असायच्या आणि त्यांचे यजमान गायचे. दिवसा विमानांच्या पंखांना रिव्हेट मारायचे, संध्याकाळी राजा व्हायचे. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. मी शहराच्या या टोकाचा, अक्का त्या टोकाच्या. गाडी चालवून पोचलो तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

"गाणारा कोण आणतोयस?" त्यांनी विचारलं.

"पुण्याला एकजण आहेत, फार चांगली तयारी—"

"नको."

"अक्का, नांदी म्हटल्यावर कुणीतरी गायला हवं ना?"

"मी वाजवीन. गाण्याची जागा मोकळी राहू दे." कानातलं यंत्र त्यांनी बोटाने नीट बसवलं. "तुला सांगते. मला त्यांचा चेहरा आठवतो, खोकला आठवतो. चहात साखर कमी आहे हे कसं म्हणायचे, ते आठवतं. गाण्याचा आवाज गेला रे. कुणी कधी टेप केला नाही. करू म्हणायचे पुढच्या वेळी. त्या पेटीवर, त्या हॉलमध्ये हात ठेवला तर येईल असं वाटतं. एकदा आला की झालं. मग पाडा हॉल."

मी म्हटलं, "अक्का, पेटी तुम्हाला अगदी नव्यासारखी करून देतो."

हे वाक्य माझ्या थडग्यावर कोरायला हरकत नाही. आमच्यात थडगं नसतं, हे एक बरं.

भात्याचं चामडं फाटलं होतं. ते मी शिवलं, चिकटवलं, आणि ते टिकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुरुस्त केलेली वस्तू दुरुस्त झाली. इथेच थांबलो असतो तर आज ही कथा लिहायला बसलो नसतो. पण मी मोबाइलवर सूर मोजायचं ॲप उघडलं आणि पहिली पट्टी दाबली. लाल. दुसरी दाबली. लाल. सगळी पेटी आजच्या मापापेक्षा चढी, दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने.

तुमच्यासारखा शहाणा माणूस म्हणेल, जुनी पेटी, जुनं माप. मी तपासनीस. गेली बावीस वर्षं लाल दिसलं की चूक आणि हिरवं दिसलं की घरी जा, हेच शिकलोय. पेटीच्या आत प्रत्येक सुराला पितळेची एक पातळ जीभ असते, तिला रीड म्हणतात. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे मी एका व्हिडिओत पाहिलं. बारीक कानस आणली. तीन आठवडे शनिवार-रविवार हॉलमध्ये मांडी घालून एकसष्ट जिभा मुळाशी घासल्या. एकसष्ट वेळा हिरवं. आणि काही सूर दाबले की मागच्या दाराची काच झिणझिणायची. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला अशी झिणझिण म्हणजे भातातला खडा. तिच्या कडेने मी पुट्टी ठासून भरली. चिडीचूप.

हिरव्या पडद्याचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकले. बेचाळीस अंगठे आले. कार्यवाहांनी पुष्पगुच्छ पाठवला, चित्रातला.

रेकॉर्डिंगच्या आधीच्या रविवारी अक्का सरावाला आल्या. पेटीसमोर चपला काढल्या, बसल्या. पाय हलू लागले. डोळे मिटून त्यांनी वरच्या 'सा'वर बोट ठेवलं.

आणि उचललं.

पुन्हा ठेवलं. पुन्हा उचललं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ही पेटी कुणाची?"

"आपलीच, अक्का. नीट लावलीय. सगळे सूर अगदी—"

"लावलीस म्हणजे?"

मी कानस दाखवली. अभिमानाने दाखवली, हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या तापतात. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमची पेटी चढी होती," त्या हळू म्हणाल्या. "वरच्या 'सा'ला पोचताना त्यांना टाचा उचलाव्या लागायच्या. राजाच्या वेषात, मुकुट घालून, टाचा वर. पहिल्या रांगेतली पोरं हसायची. पण तो सूर लागला की मागच्या दाराची काच बोलायची. हे म्हणायचे, बघ, हॉल दाद देतोय." त्या वळल्या. "ती काच कुठाय?"

मी पुट्टीकडे बोट केलं.

बराच वेळ पायपेटीचा भाता आपोआप खाली बसत राहिला, त्याचा आवाज येत होता.

"रविवारपर्यंत आहे तशी करून दे," अक्का म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. त्यांना चपलेत पाय सापडत नव्हता.

आता आहे तशी म्हणजे कशी? मी दिवसभर ऑफिसात पोरांवर ओरडतो, काहीही बदलायच्या आधी जुन्याची प्रत ठेवा. माझ्या मोबाइलमध्ये हिरव्याचे एकसष्ट फोटो होते. लालचा एकही नव्हता. प्रत्येक जीभ किती चढी होती, हे जगात फक्त त्या जिभेला माहीत होतं आणि मी ती घासून टाकली होती.

सोमवारी ऑफिसला ताप आल्याचं कळवलं. जुन्या पेठेत पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे तीन जिभा रुमालात बांधून नेल्या. त्यांनी चष्म्यातून पाहिलं, नखाने मुळाशी चाचपलं आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "सार, घिसा हुआ पीतल वापस नहीं आता. नया डालेगा तो पेटी नया हो जाएगा." मी विचारलं, टोकाकडून घासून पुन्हा चढवली तर? "चढेगा. लेकिन इधर से भी पतला, उधर से भी पतला. कितने दिन चलेगा, मेरे को मत पूछो." त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधून दिली. मयताच्या वस्तू परत करतात तशी.

मंगळवारी पुट्टी खरवडून काढली, त्यात बोट कापलं. बुधवारी खरोखरच ताप आला. देव ऑफिसचे ईमेल वाचतो. मी पलंगावर पडून हिशेब करत होतो. किती चढवायची? निम्म्याने? निम्म्याहून थोडं कमी? केसभर चुकलं तरी अक्कांना कळणार, आणि दुसऱ्यांदा घासायला पितळ उरलेलं नाही. मी बायकोला म्हटलं, "मला काही सुचत नाहीये. त्या बाईंचा नवरा मी दुसऱ्यांदा मारला."

ती पेजेची वाटी घेऊन उभी होती. एरवी तिने घड्याळाची आठवण काढली असती. या वेळी नाही काढली, तेव्हा मला परिस्थितीची खरी कल्पना आली.

"पेटी विसरली असेल," ती म्हणाली. "काच विसरलीय का? तिला विचार ना."

गुरुवारी सकाळी मी अक्कांना हॉलमध्ये आणलं. त्या मागच्या दारापाशी खुर्ची टाकून बसल्या आणि काचेवर तळहात टेकवला. मी लॅपटॉपमधून एकच सूर सोडला आणि मुंगीच्या पावलाने वर नेऊ लागलो.

"स्वल्प वर," अक्का म्हणाल्या.

मी थोडं वर नेलं.

"स्वल्प."

आणखी थोडं. काच गप्प. बाहेर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. माझा घाम कीबोर्डवर पडत होता.

"स्वल्प... थांब."

झिणझिण सुरू झाली. मुंगी काचेवर चालावी इतकी बारीक, मग मोठी. अक्कांनी डोळे मिटले.

"सरी," त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे बरोबर. "हाच."

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. पुट्टी काढताना काच बसवलेली जुनी लांबीही निघाली होती. काच चौकटीत आधीपेक्षा सैल झाली होती, आणि सैल काच वेगळ्या सुराला बोलते. इंजिनिअरिंगची पदवी कितीही धूळ खात पडली असली तरी इतकं मला कळत होतं. मी बोललो नाही. अक्कांचा तळहात काचेवर तसाच होता, आणि माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

त्या सुराला वरचा 'सा' धरला आणि बाकीचे त्यावरून लावले. नांदीला लागणारे एकोणीस सूर अक्कांनी मोजून दिले, तेवढेच केले. शुक्रवारभर आणि शनिवारी दुपारपर्यंत मी टोकं घासत बसलो. या वेळी ॲप उघडलं नाही, कानाने केलं, अक्का शेजारी बसून "सरी" म्हणेपर्यंत. वरच्या 'सा'ची जीभ सगळ्यांत जास्त पातळ झाली, कारण तिच्यावर माझं लक्ष सगळ्यांत जास्त होतं.

रविवारी सहाला कार्यवाह स्वतः फाटकाबाहेर उभे राहून दुधाच्या गाड्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून हात जोडत होते. अक्का इरकली नेसून आल्या होत्या. मी मायक्रोफोन लावले, एक पेटीपाशी, एक काचेपाशी. हेडफोन घातला. मान हलवली.

त्यांनी नांदी सुरू केली. पेटी दोन-चार सूर बोले आणि थांबे. थांबे ती गाणाऱ्यासाठी. त्या रिकाम्या जागांत फक्त भात्याचा श्वास आणि पायांची लाकडावरची थाप ऐकू येई. अक्कांचे डोळे रंगमंचाच्या डाव्या बाजूला लागलेले, हनुवटी थोडी वर, माणसाचं तोंड बघून साथ करतात तशी. पहिल्यांदा वरचा 'सा' आला. काच बोलली. हेडफोनमध्ये ती अशी काही उमटली की माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. दुसऱ्यांदा आला. पुन्हा बोलली. अक्कांच्या तोंडावर काहीतरी होऊ लागलं होतं, त्याला मी नाव देणार नाही.

तिसऱ्यांदा 'सा' लागला आणि टक् झालं.

एवढुसा आवाज. नखाने नख उडवावं तसा. जीभ मुळातून तुटली होती. अक्कांनी बोट उचललं नाही. त्या पट्टी दाबून होत्या, पाय चालू होते, आणि पेटीतून नुसता वारा येत होता. सहा-सात सेकंद. काच गप्प. मग त्या खालच्या सुरावर आल्या आणि नांदी संपवली, शेवटपर्यंत, एकही मात्रा न चुकता.

मी हेडफोन काढला. काढायला हवा होता म्हणून काढला. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

"एकसष्टांतली नेमकी तीच," अक्का म्हणाल्या. "नेम चांगलाय हं पुणेकरा तुझा."

मला हसता आलं नाही. "अक्का, आवाज आला का? त्यांचा?"

त्या चपला घालत होत्या. "यायला लागला होता," त्या म्हणाल्या. "दोनदा जवळ आला. तिसऱ्यांदा त्यांनी टाचा उचलल्या आणि..." त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि पायऱ्या उतरल्या. नऊ वाजले होते. कार्यवाह किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे होते, कुणाकडे न बघता.

इथे तरी माणसाने हात आवरावे. मी सोमवारी संध्याकाळी ती फाइल उघडली. दुसऱ्या वेळचा 'सा' काचेसकट उचलला, तिसऱ्याच्या जागी बसवला, कडा मिळवल्या. सांधा सापडणार नाही इतकं चोख काम. बायको मागे उभी राहून बघत होती. "हात लावू नकोस त्याला," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, निदान एवढं तरी त्यांना पुरं मिळू दे. मला खरंच तसं वाटत होतं.

शनिवारी येलहंक्याला गेलो. अक्कांनी यंत्र काढून माझा मोठा हेडफोन कानांवर घातला, आवाज पूर्ण वाढवायला लावला. वरून हवाई दलाचं एक विमान गेलं, ते जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी लावलं. पहिला 'सा', दुसरा 'सा'. तिसरा आला आणि त्यांनी डोळे उघडले.

"हे मी वाजवलेलं नाही."

"अक्का, ते जरा नीट—"

"तुझे हात कुणी बांधून का ठेवत नाही रे?" त्या आता रागावल्या होत्या. तेरा दिवस उशिरा, पण पूर्ण. "माझ्या पायांखाली वारा होता तेव्हा. तो कुठं नेलास? मोडलेलं आण."

या वेळी जुनी प्रत होती. तेवढं शिकलो होतो. ती लावली.

अक्कांचे पाय फरशीवर हलायला लागले, उजवा, डावा, उजवा, डावा, समोर पेटी असल्यासारखे. टक् झालं. नुसता वारा सुरू झाला. पाय थांबले. मी बघत होतो, त्यांच्या दोन्ही टाचा फरशीवरून हळूहळू उचलल्या गेल्या आणि सहा-सात सेकंद तशाच अधांतरी राहिल्या. मग खाली आल्या.

मला विचारायचं नव्हतं. पण तोंडून निघालंच. "अक्का, खरं सांगा. काच सैल झाली होती. तो सूर तुमचाच होता ना?"

त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "काय म्हणालास?"

मी पुन्हा विचारलं, मोठ्याने.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बायको बघते तसंच, थोडंफार.

"मी सरी म्हटलं होतं ना?" त्या म्हणाल्या आणि हेडफोन परत कानावर ओढला. "तेवढीच जागा लाव. परत."

मी परत लावली.